पलीकडे ऐकू जाणारं हसू

पापाटोएटो, न्यूझीलंड, सप्टेंबर २०१५

तीर्थरूप बाबा,

लंकेचा विषय तुमच्यापुढे काढायचा नाही, असं आईने लहानपणीच बजावलंय. म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील.

काल डायलिसिसला शिवलिंगम आले होते, मूळचे जाफन्याचे. मशीन लावताना मी गणपतीची आरती गुणगुणत होते, आणि त्यांनी बरोबर जागेवर टाळी वाजवली.

"हे कुठे ऐकलंत?"

"अठ्ठ्याऐंशी साली. आमच्याकडे यादवी चालू होती. खाडीपलीकडे भारताच्या शांतिसेनेतली तुमची मराठा पलटण, अलीकडे आम्ही पोरं बंदुका घेऊन. आम्हाला हल्ल्याचा हुकूम येईना. गणपतीचे दिवस असावेत. रोज संध्याकाळी तुमच्या लोकांचं हे गाणं ऐकू यायचं."

तुम्ही त्या पलटणीत होतात, हे मी सांगितलं नाही. तुमचा पाय तिथेच गेला, तेही नाही.

मग तेच म्हणाले, "सिस्टर, एक विचारू? गाणं संपलं की थोडा वेळ शांतता, आणि मग सगळे खो खो हसायचे. आम्ही पैजा लावायचो, हे रोज हसतात तरी कशाला? तुम्हाला ठाऊक असेल."

मला कुठलं ठाऊक? प्रसादावरून हसायचात? कुणाच्या बेसूर आवाजावरून? तुमचाच तर नव्हता तो?

शुक्रवारी ते पुन्हा येतील आणि पुन्हा विचारतील.

बाबा, त्यांनी तुम्हाला हसताना ऐकलंय. मी अजून नाही.

तुमची,
सुखदा