एक पायरी कमी

३ मार्च, सोमवार

मास्तरांनी आज लाल पेन्सिल उचललीच नाही! सहा महिन्यांत पहिल्यांदा. घरी येताना जिन्यात दोनदा थांबले — दम लागला म्हणून नाही हं, सांगायला कुणी भेटतंय का बघायला. कुणी नाही. मग आता वही, तूच ऐक.

वही चिमणीची, माझ्या नातीची. तिला पियानोच्या वर्गाला सोडायला जायचे. तिने दोन आठवड्यांत नाद सोडला आणि आजी चिकटली! लेक म्हणाली, 'आई, ह्या वयात?' म्हटलं, मग कुठल्या वयात? तुझ्या वयात मी शर्टांच्या कॉलर शिवत होते.

मास्तरांची पद्धत जुनी. किती जुनी, तर दोन-तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा अनाथाश्रमांत पोरांना असं शिकवायचे. पोटापाण्याचं काम म्हणून, सुतारकाम शिकवावं तसं. बरीच पोरं आधी निरक्षर असायची म्हणे. हे ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. मी तिसरी पास!

चार महिने नुसतं गायचं. पियानोला हात लावायची बंदी. 'आजी, आधी गळा, मग बोटं.' मग मास्तर खालच्या आवाजाची एकच ओळ लिहून देतात, तिच्या डोक्यावर कुठले सूर जुळतात त्याचे आकडे. वरचं आपण भरायचं. मला कारखान्यात नुसता खाका आणि कापड मिळायचं, शर्ट आमचा आम्ही करायचो. त्यातलंच हे.

५ मार्च

आता फ्यूग! म्हणजे असं — एक आवाज चाल म्हणतो. मध्येच दुसरा तीच चाल वरून सुरू करतो. मग तिसरा. पहिला गप्प बसत नाही, काहीबाही म्हणतच राहतो. सगळे एकदम बोलतात आणि तरी कुणाचं कुणाला तोडत नाही. आमच्या घरात हे कधी जमलं नाही!

सोळा एप्रिलला वर्ग कायमचा बंद. मास्तर मुलाकडे राहायला चाललेत. त्या दिवशी प्रत्येकाने आपला फ्यूग वाजवायचा. छोटा चालेल, पण तीन आवाज हवेत आणि चाल स्वतःची. वर्गात माझ्या शेजारी दातांचे डॉक्टर बसतात, ते म्हणाले, 'आजी, तुम्ही कसली आणणार?' माझ्या तोंडून निघून गेलं — ह्यांची शीळ.

हे डेपोतून सुटले की गल्लीच्या कोपऱ्यावरून शीळ घालायचे. म्हणजे चहा टाक. मी खिडकीतून तीच चाल वरच्या सुरात म्हणायची. म्हणजे टाकला. चाळीस वर्षं! लेक लहान असताना शीळ आली की मी नेमकी तिची वेणी घालत असायची. ती माझ्या गुडघ्यांत बसलेली, दातांत रिबन. ह्यांना उत्तर देण्याच्या नादात माझ्या हातून तिचे केस ओढले जायचे बहुतेक, कारण मागोमाग हिचं हूं-हूं सुरू. मी एक टपली द्यायची. मग गप्प. शेंगदाण्याएवढी रिबन असायची, निळी. नाही, शेंगदाण्याएवढी गाठ. रिबन चांगली हातभर. कुठल्या कुठे गेले मी.

१० मार्च

अगं बाई! काय सांगू!

ह्यांची शीळ पहिल्या सुरावरून एकदम पाचव्यावर उडी घ्यायची. मी उत्तर पाचव्यावरून सुरू करायची, पण माझी उडी चारच पायऱ्यांची पडायची. हे घरात शिरता शिरता चिडवायचे, 'बाईसाहेब, आजही एक पायरी कमी!' आयुष्यभर! मीही मानलं होतं, आपला कान तेवढाच.

आज मास्तरांना गाऊन दाखवलं, आधीच सांगून टाकलं की माझ्यात चूक आहे. त्यांनी टेबलावर हातच आपटला. 'चूक? आजी, हाच नियम! तो पहिल्यावरून पाचव्यावर गेला, तर तुम्ही पाचव्यावरून वरच्या पहिल्यावर जायचं. सुरुवातीचा सूर धरून त्याला चारच पायऱ्या लागतात. तुम्हीही पाच घेतल्या असत्या तर उत्तर मूळ सुराच्या घराबाहेर पडलं असतं. अनाथाश्रमातल्या पोरांना हे घोटायला वर्ष जायचं. तुम्हाला कुणी शिकवलं?'

कुणी शिकवलं! भूक लागलेल्या माणसाने.

घरी येऊन फोटोसमोर उभी राहिले. म्हटलं, ऐकलंत? आता बोला!

११ मार्च

नुसतं हसू येतंय.

१९ मार्च

तिसरा आवाज येईना. मास्तर म्हणतात, दोघांचं म्हणून झालं की तिसऱ्याने पुन्हा पहिल्याच्याच सुरावरून सुरू करायचं. ऐकायला सोपं. पण माझ्या डोक्यात हे आणि मी, दोघंच. तिसरं कोण आणू? चहाचं भांडं?

मास्तर म्हणाले, वेळ नाही तर दोघांचंच वाजवा. मी म्हटलं, दोन पेडांचा नुसता पीळ होतो मास्तर. वेणीला तीन लागतात. डॉक्टर म्हणे, 'लिहून ठेवा हे.' ठेवलं.

३० मार्च, रविवार

लेकीला फोन केला. म्हटलं, तुला बाबांची शीळ आठवते का गं, शेवटी ती कशी वळायची? तर म्हणाली, 'आई, बाबांचं नको ना काढूस. आणि ते बडवणं कमी कर, सांधे धरतील.'

तीन वर्षं झाली ह्यांना जाऊन. ती नावच काढू देत नाही. फोटोकडे पाठ करून बसते. मी रागावत नाही. पण गल्लीतली जुनी माणसं गेली, कोपराही रुंद केला. ती शीळ आता एकट्या माझ्या डोक्यात. मी गेले की ती गेली. म्हणून घाई, बाकी काही नाही.

७ एप्रिल

मी रचलेल्या तिसऱ्या आवाजावर मास्तरांनी लाल रेघ ओढली. 'आजी, नियमाने बरोबर आहे. पण हा माणूस कोण? ह्या घरात ह्याला कुणी ओळखत नाही.'

खरं आहे. मलाही परकाच वाटत होता.

डॉक्टरांचा झाला. पेशंट कण्हतात त्यावरून चाल घेतली म्हणे! मास्तर हसून हसून खोकले. नऊ दिवस राहिले.

१२ एप्रिल

उजवा खांदा धरला. लेक म्हणाली होती तेच. केस विंचरायला हात वर जात नाही. फोनवर कळलं तशी फणफणली. 'उद्या येते. तशीच झिंज्या घेऊन बसू नकोस.'

१३ एप्रिल, रविवार

लेक आली. मला खाली बुटक्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः मागे खुर्चीवर. रिबन दातांत धरली. मी आपली सवयीने ह्यांची शीळ गुणगुणले, मग माझं उत्तर. उत्तर संपलं आणि मागून हूं-हूं सुरू झालं. ह्यांच्याच पहिल्या सुरावरून.

म्हटलं, 'केस माझे ओढतायत, तू का कुरकुरतेस?'

तिचे हात थांबले. रिबन काढून म्हणाली, 'आई, मी कधीच कुरकुरत नव्हते. तुम्हा दोघांचं झालं की माझी पाळी असायची. तू टपली मारायचीस.'

मी मान वळवली नाही. म्हटलं, पुन्हा म्हण, पहिल्यापासून. लिहून घेते.