बीपीची गोळी आणि ती भुकटी

सोलापूर, मंगळवार संध्याकाळ

आज ह्यांनी कबूल केलं. कुठल्याशा व्याख्यानातून ती वय कमी करणारी भुकटी आणल्यापासून बीपीची गोळी बंद आहे! तरीच रोज डोकं धरून बसायचे. तशीच रिक्षा करून भवानी पेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बीपी चांगलंच वाढलेलं.

त्या म्हणाल्या, "काका, भुकटीचा गुण उंदरांत दिसलाय, माणसांचं अजून नक्की नाही. गोळीचं मात्र नक्की आहे. ती सोडू नका."

घरी आल्यावर मी गोळी पुढे केली.

"घेतो की," हे म्हणाले, "पण तू पण भुकटी घ्यायची."

"मला कशाला?"

"मी लई जगलो अन् तू आधी गेलीस, तर हितं एकटा काय करू?"

भांडायचं ठरवून आले होते. पण उठून दूध तापवलं. ह्यांनी गोळी गिळली आणि मी भुकटी दुधातून प्यायले. डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकून, पटूनसुद्धा! बरं केलं की वाईट? त्यांना आता काय सांगू? जीव थाऱ्यावर नाही.

आणि खरं सांगायचं तर, पिताना क्षणभर वाटलंच, हिचा गुण यावा.