तोंडावरचा पहारा

३ मार्च, मंगळवार

मी आजी होणार! मी आजी होणार! मी आजी होणार! — तीनदा लिहिलं, आता जरा बरं वाटतंय.

सुनेने सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून सांगितलं. वर म्हणाली, "आई, डॉक्टरीणबाई सतरा तारखेला तपासतील. तोवर कुणाला म्हणजे कुणालाही नाही." खरंच आहे तिचं. मागच्या वेळी मी कळल्या दिवशीच गल्लीभर सांगितलं, आणि महिन्याने तेच सगळे सांत्वनाला आले. सून बिचारी खिडकीशीसुद्धा जाईना.

पण चौदा दिवस! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

४ मार्च

चर्चच्या पाळकसाहेबांना नुसतं विचारलं, बोलायचा मोह आवरेना तर काय करावं? म्हणाले, "मावशी, देवाशी बोला." बोलले. पण त्याला आधीच ठाऊक! ज्याला ठाऊक त्याला सांगण्यात काय गंमत? म्हणून ही वही. चौथीपर्यंतचं शिक्षण आज कामी आलं.

रोजचं मागणं एकच — प्रभो, माझ्या तोंडावर पहारा बसव.

५ मार्च

शिंपीणबाईकडे उशांचे अभ्रे टाकले. तिच्या मशीनवर एवढंसं झबलं! "कापड उरलंय, हवं का?" बातमी जिभेवर आली माझ्या. डोळे मिटून उभ्या उभ्या प्रार्थना केली.

"चक्कर येतेय का हो?"

मी मान डोलावली. (खोटं! त्याची माफी वेगळी मागितली.)

६ मार्च, शुक्रवार

बायकांची प्रार्थनासभा. इथेच खरी गोम. दुसऱ्याच्या घरचं काहीही सांगायचं असलं की "प्रार्थनेसाठीच सांगते हं" म्हणायचं, मग ती चहाडी होत नाही. तीस वर्षं मीच त्यात पुढे!

उठलेच. "बहिणींनो, आमच्या घरात एक —" तोच माझ्याच बाकावर बसलेल्या पाळकीणबाईंनी गाणं धरलं. भसाड्या आवाजात, चारही कडवी! भानावर आले. म्हटलं, "सांगता येत नाही, पण प्रार्थना करा."

७ मार्च

झालं! चक्कर आणि 'सांगता येत नाही' यांची बेरीज करून चर्चमधल्या मंडळींनी मला मरणाला टेकवलंय. तीन पातेली सूप आलं. एकीने तर माझं शिसवी कपाट पुढे कुणाला जाणार तेही विचारलं — प्रार्थनेसाठीच हं!

१० मार्च

आज कुणाला नाही सांगितलं. कुणी आलंच नाही.

१२ मार्च

शिंपीणबाई मला बघायला घरी आली, हात हातात घेतला. "मनात काही असेल तर बोलून मोकळ्या व्हा हो." डोळ्यांत पाणी तिच्या! अगदी ओठांवर आलं — तोच पाळकीणबाई आत शिरल्या आणि सुपाचा चमचा सरळ माझ्या तोंडात. जीभ पोळली! या बाईला माझं बोलणंच खपत नाही. प्रभो, तिला क्षमा कर. घाई नाही, सावकाश कर.

१७ मार्च

बाळाचे ठोके लागले! मी ऐकले या कानांनी, घोडं उधळल्यासारखे! सून रडली, मी रडले, डॉक्टरीणबाईंनी दोघींना एकच रुमाल दिला. सून म्हणाली, "आता सांगा, आई. सगळ्यांना सांगा!"

१८ मार्च

सगळ्यांआधी पाळकीणबाईंना सांगायला गेले, मुद्दाम, ठसक्यात. त्या टोपडं विणत होत्या. एवढंसं. जवळजवळ पुरं झालेलं.

"सूनबाईने तीन तारखेलाच सांगितलं होतं," म्हणाल्या. "रोज प्रार्थना करायचो आम्ही दोघी. बाळासाठी, आणि तुमच्या तोंडासाठी."

मी पहारा मागत होते. तो केव्हाच बसला होता, माझ्याच बाकावर, हातात चमचा घेऊन!