मागच्या मडगार्डची भोकं

मंगळवार, रात्री जेवणं झाल्यावर

आज गोठ्यातली जुनी सायकल धुतली. शंभर वर्षांची तरी असंल, पण सळयांचे ब्रेक अजून लागतात. मागच्या मडगार्डला दोन्ही कडंनी बारीक भोकं निघाली, एका ओळीत. गंज एवढा शिस्तीत खातो व्हय?

सासऱ्यांना विचारलं. आबा म्हणाले, "दोऱ्याची जाळी ओवायची भोकं हायती. चाकात झगा अडकू नये म्हणून. मडमेची सायकल ती. दौंडच्या रेल्वेतला गोरा साहेब बायकोसंगं विलायतेला परत गेला तवा माझ्या बापाला मिळाली."

"मडमेची? मग ही मधली आडवी नळी?"

"ती बापानं शिरूरला जोडून घेतली. बायकी सायकल म्हणून लोक हसायचे."

डोकंच फिरलं. बाप्याच्या लाजेपायी नळी, आन् साडीत टांग कशी टाकू म्हणून मी कधी शिकलेच न्हाई. डेअरीला जायचं तरी नवऱ्याच्या गाडीची वाट बघायची.

"उद्या कापून आणते नळी," मी म्हणलं.

हे हसले. "या वयात? पडशील."

"पडले तर मी पडंन. तुमचं काय जातंय?"

मग बसून त्या भोकांतनं सुतळी ओवली, पार चाकाच्या आसापर्यंत. त्या मडमेलाबी पडायची भीती वाटली असंल का? असंलच. तरी बसायचीच की.

जेवताना हे ताटात बघत म्हणाले, "पहिल्यांदा मागनं कुणीतरी धरावं लागतं."

"मग धरा की. पण सोडताना सांगायचं न्हाई."