इथे हात लावू नये

सोमवार, ३ मार्च
ऑफिसात नवं खूळ. प्रोग्रामचा कोड माणसाला वाचता येतो का, हे मोजणारा मीटर आणलाय. शंभरपैकी मार्क, आणि ते सगळ्यांना दिसतील असे भिंतीवरच्या स्क्रीनवर. बसच्या सीटा वाटणारा माझा प्रोग्राम: १९. अकरा वर्षं रोज चालतोय, आजवर एक प्रवासी दुसऱ्याच्या मांडीवर बसलेला नाही. साहेब म्हणाले, ३१ तारखेपर्यंत साठ करा, नाहीतर प्रोग्राम चष्मेवालीकडे आणि तुम्ही सपोर्टच्या फोनवर, प्रवाशांच्या तक्रारी ऐकायला. चष्मेवाली म्हणजे सहा महिन्यांपूर्वी आलेली मुलगी. तिला ९४. लिहिलंयच काय तिने अजून.
साठ म्हणजे माझ्या हातचा मळ.

मंगळवार, ४ मार्च
मीटरची तक्रार: कोडमधल्या नावांवरून अर्थ लागत नाही. माझ्याकडे 'तात्पुरतं १' पासून 'तात्पुरतं ४१' पर्यंत नावं आहेत. याहून स्वच्छ काय असतं? घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत शिकवते, वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, हॉलमधली खाटही तात्पुरतीच ना, नऊ वर्षं झाली.
विषय भलतीकडे नेते.

सोमवार, १० मार्च, स. ११
गुपित सापडलं. मीटरला टिपा आवडतात. कोडच्या शेजारी माणसांसाठी लिहायच्या, मशीन त्या वाचत नाही. सकाळपासून तीनशे लिहिल्या. 'इथे एक मिळवला.' 'इथे पुन्हा एक मिळवला.'
दु. ४. मार्क ३८. माझे मीच दोन चहा घेतले.

गुरुवार, १३ मार्च
लांबलचक फंक्शनचे, म्हणजे कोडच्या सलग गठ्ठ्याचे, तुकडे करावेत म्हणे. केले, एकोणीस. नावं दिली 'पुढचं', 'त्याच्या पुढचं', 'त्याच्याही पुढचं'. ५२. उगाच घाबरलो होतो.

सोमवार, १७ मार्च
रडीचा डाव. साहेब म्हणतात, मीटरला गंडवता येतं, म्हणून चष्मेवालीनेही वाचून हो म्हटलं पाहिजे. ती वाचायला बसली. मध्येच तीन ओळींवर अडली. त्यांच्यावर माझीच जुनी टीप आहे: 'इथे हात लावू नये. कारण मला माहीत आहे.' तिने विचारलं, सर, काय कारण? म्हटलं, सांगत बसलो तर संध्याकाळ होईल.
आठवत नाहीये. तात्पुरतं.

गुरुवार, २० मार्च
अजून नाही. बायको म्हणते, जेवताना माझे ओठ हलतात. ऑफिसात कुणी जवळून गेलं की आता विचारेल असं वाटतं. भीती वाटते. हा एक प्रोग्राम सोडला तर माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नाही.
निश्चय: रोज सकाळी बदाम.

रविवार, २३ मार्च
अंघोळ करताना कारण आठवलं. हातातला साबण पडला. किती साधं, किती चोख! मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आता जन्मात विसरणं शक्य नाही, त्यामुळे इथे लिहीत बसत नाही. बदाम बंद.

शुक्रवार, २८ मार्च
आणखी दोनशे टिपा. ६१. स्क्रीनखाली जरा उभा राहिलो. कुणी आलं नाही, पण दिसलं असणार.

सोमवार, ३१ मार्च, स. १०.४०
मीटिंगमधून बाहेर येऊन लिहितोय. चष्मेवाली चांगलं बोलली. म्हणाली, बाकीचं मी समजून घेते, सर, फक्त त्या तीन ओळींचं कारण सांगा, मी लगेच हो म्हणते. मी तोंड उघडलं. डोकं कोरं. पाणी प्यायलो. बॅगेतून ही वही काढली आणि टेबलाखाली २३ तारीख उघडली. वाचली. परत वाचली. साहेबांनी विचारलं, काय वाचताय? काही नाही म्हटलं. ते खरंच होतं.

दु. १२. तिने साहेबांना विचारून त्या तीन ओळी काढल्या आणि प्रोग्राम चालू केला. बघू या, म्हणाली. मी म्हटलं, बघाच.

सं. ६. दुपारभर सपोर्टच्या फोनशेजारी खुर्ची टाकून बसलो. काहीतरी मोडेल, निदान एक तरी प्रवासी कुणाच्या मांडीवर बसेल. अकरा वर्षं जपलेल्या ओळी होत्या. एकही फोन आला नाही.
उठताना तिथली बाई म्हणाली, बसा की, उद्यापासून ही खुर्ची तुमचीच आहे.