वारा भलत्या वाटेने

प्रिय रोसांदा वन्सं यांस बोर्काचा नमस्कार.

तुमचा ऑपरेशन झालेला गुडघा, ल्युबिशा भाऊजींचा रक्तदाब आणि अंगणातली द्राक्षं, या तिन्हींची खुशाली कळवावी. इकडे मी जिवंत आहे आणि तुमच्या मातोश्री माझ्याहून जास्त जिवंत आहेत. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. पण घरातला फोन स्वयंपाकघरात, आणि मातोश्रीही तिथेच. मोबाईल घेऊन अंगणात गेले तर माझ्या डोक्याला रुमाल बांधायला त्या मागोमाग येतात.

गेल्या वसंतात मी नगरपालिकेत जन्मदाखल्यांच्या खिडकीमागे, हातात शिक्का धरून, झोपी गेले. आमच्या कचेरीत हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं (आमच्या साहेबांना बढत्या झोपेतच मिळाल्या), पण मी घोरले. त्यावरून बेलग्रेडला तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेत तुमचा घसा मिटतो, श्वास थांबतो, मग गुदमरून पुन्हा सुरू होतो. घरात आणखी कुणी असं घोरायचं का? म्हटलं, नवरा; पण आमचं रक्ताचं नातं नाही. ते कसे आहेत? म्हटलं, झोपेतच गेले. बाईंनी पेन खाली ठेवलं. तिहोमिरला हेच होतं का, ते आता कुणी सांगू शकत नाही. त्याला कुणी तपासलंच नाही. आपण सगळ्यांनी त्याच्या घोरण्यावर जन्मभर विनोद केले. मला मात्र बाईंनी बजावलं, यंत्र लावल्याशिवाय डोळा मिटायचा नाही.

यंत्र म्हणजे उशाशी ठेवायची एक पेटी, तिला सोंडेसारखी नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. पेटी रात्रभर हवा फुंकते आणि घसा उघडा ठेवते. माझ्या घशाने त्यातली निम्मी हवा परस्पर पोटाकडे वळवली. (आमच्या नगरपालिकेचा निधीही असाच मुक्कामाला पोहोचतो.) सकाळी पोट ढोलासारखं, बरगड्यांखाली कळ, आणि ढेकर असे की शेजारचा कुत्रा उत्तर देतो. बाईंनी उपाय सांगितले: उशाकडची बाजू उंच करा, डाव्या कुशीवर झोपा, रात्री सोडा नको, जड जेवण नको. हवेचा जोरही कमी करून दिला. थोडा फरक पडला. मातोश्रींचे उपाय निराळे: पुदिन्याचा काढा, पोटाला राकियाने मालिश, आणि पायांत राकियातच भिजवलेले मोजे. मग विधवा बाई, फुगलेलं पोट आणि सकाळी सकाळी दारूचा वास! गल्लीतल्या बायकांना इतकं सुख कुणाच्या घटस्फोटातही मिळालं नव्हतं. शेजारच्या दरिंकाने कुंपणावरूनच विचारलं, "बोर्का, कितवा महिना गं?" म्हटलं, "महिना कसला, रात्रीपुरतंच असतं. दुपारपर्यंत मोकळी होते."

तिहोमिरच्या वर्षश्राद्धाला तुम्ही गुडघ्यामुळे नव्हतात, म्हणून सांगते. थडग्यावर मेणबत्त्या, गोड गहू, त्याच्यासाठी पेटवून ठेवलेली सिगारेट, सगळं नीट होतं. आता, मी वर्षभर चारचौघांत रडले नव्हते, हे गावाने मनात धरून ठेवलं होतं. (मला रडू येतं ते भाजी चिरताना, कांदा नसलेली भाजी चिरताना.) पाद्री व्लादान यांनी मृतात्म्यासाठी गायला सुरुवात केली आणि रात्रभर साठलेली हवा वर यायला निघाली. मी ओठ दाबले, खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी जो आवाज निघाला तो मी शत्रूच्या थडग्यावरही काढला नसता. मग दरिंका ओरडली, "फुटला गं बाई, हंबरडा फुटला एकदाचा!" आणि समस्त बायकांनी गळे काढले. एकेकीने मला मिठी मारली, आणि दर मिठीला पोट दाबलं जाऊन आणखी एक हंबरडा. घरी आल्यावर मी खरोखरच रडले. पण ते बघायला कुणी नव्हतं, त्यामुळे धरलं जाणार नाही.

हेही सोसलं असतं. पण वन्सं, रोज सकाळी यंत्र बंद सापडतं. वायर भिंतीतून काढलेली आणि माझ्या गळ्याभोवती लोकरी रुमाल. मातोश्री म्हणतात, वारं बाधेल. आपल्या लोकांनी तुर्की सुलतान पचवले, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की आडवे होतात, हे मला ठाऊक आहे. "खिडकीतलं वारं माणूस मारतं, आणि तू मुद्दाम मागून आणून नाकात घालतेस?" असं त्यांचं म्हणणं. तिहोमिर गेला त्या रात्री खिडकी उघडी होती. त्यालाच उकडायचं, त्यानेच उघडली होती. मातोश्री त्याबद्दल मला कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त तेव्हापासून संध्याकाळ झाली की खिडक्या लावत फिरतात. यंत्र किती वेळ चाललं हे यंत्रालाच आठवतं, त्यामुळे डॉक्टरीणबाईंपासून काही लपत नाही. म्हणाल्या, असंच चालणार असेल तर परत द्या. रांगेत माणसं ताटकळलीत.

कळावे. लोभ आहेच, तो वाढलाच तर माझ्या पोटासारखा वाढू नये.

तुमची भावजय,
बोर्का

ता. क. मुद्द्याचं राहिलं, किंवा मुद्दामच मागे ठेवलं. हा हिवाळा मातोश्रींना तुमच्याकडे सुबोतिकाला न्या. मला त्यांचा कंटाळा आला असं समजा हवं तर. पण मला झोपेत मरायचं नाही. या घरातलं एक माणूस तसं गेलं, तेवढं पुरे.

ता. ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. काल मी झोपेचं सोंग घेतलं. मातोश्रींनी वायरीला हात घातला तसा मी धरला. म्हटलं, "आई, खिडक्या बंद, दार बंद, वारं बाधणार कुठून?" त्या मटकन पलंगावर बसल्या. "वाऱ्याला घाल चुलीत. हे लावलंस की तू घोरत नाहीस."

"मग बरंच की."

"मला भिंतीपलीकडे काही ऐकूच येत नाही, पोरी. त्या रात्रीही असंच झालं. तो घोरत होता, मग थांबला. मी म्हटलं, देवा, सुटले, आता झोप लागेल. आणि लागली गं. चांगली गाढ लागली."

मला आधी वाटलं, खिडकीचं ओझं मी वर्षभर उगाचच वाहिलं. मग वाटलं, दोघींत माझंच हलकं होतं. तेव्हा वरची ता. क. मी खोडली असं समजा. त्या कुठेही जाणार नाहीत.

आणखी एक, कारण सणामुळे पोस्ट चार दिवस बंद होतं आणि पत्र घरातच राहिलं. ल्युबिशा भाऊजींना पाने-हातोडी देऊन धाडा. मातोश्रींचा लोखंडी पलंग माझ्या खोलीत आणायचाय, आणि तो सुटा केल्याशिवाय दारातून येत नाही. तोवर त्या माझ्याच पलंगावर, तिहोमिरच्या रिकाम्या जागी झोपतात, माझ्या मास्कच्या भोकांसमोर तळहात धरून, हवा लागते का बघत. यंत्र आता रात्रभर चालतं. झोप मात्र मला नाही, कारण मातोश्री घोरतात, थेट लेकासारख्या. घोरतात तोवर मी पडून असते. थांबल्या की उठून बसते.