पेशीचं मूळ माप

२ फेब्रुवारी
लेक कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, अजून कंत्राटावर. बारा तारखेला प्रदर्शन. तिचं पेशीचं, म्हणजे सेलचं, मॉडेल प्रिन्सिपॉलबाईंना पटलं तर नोकरी कायम. तीस वर्षं सुतारकाम केलेला बाप घरात आहे, म्हटलं, काळजी कसली? ती म्हणाली, बाबा, तुम्ही नुसता स्टँड करा. पोर संकोची.

३ फेब्रुवारी
तिने चित्र दिलं. आमच्या धंद्यात चित्रावर काम करत नाहीत, मूळ जागेवर जाऊन माप घेतात. जुन्या बाजारातून लॅटिनचा कोश आणला. सेलचं मूळ 'सेला', म्हणजे लहान खोली! कुणा साहेबाला बुचाच्या कापात बारीक खोल्या दिसल्या, म्हणून हे नाव. आणि लेकीच्या चित्रात गोल! एवढी शिकली, पण मूळ कोणी पाहिलं?

५ फेब्रुवारी
चौकट उभी. सहा बाय चार, उंची सात. न्यूक्लियस म्हणजे मुळात कवचातला गर. लाकडाचा बदाम कोरून भिंतीवर ठोकला. व्हॅक्युओलचं मूळ 'रिकामं'. ते काम लगेच झालं.
ही म्हणाली, अहो, पेशीत माणूस मावतोय. मावायलाच हवा. काम आतून बघतात.

७ फेब्रुवारी
सिलिया म्हणजे पापण्या. दाराला ब्रशच्या केसांची झालर लावली. आता काही वाढवायचं नाही. फक्त पॉलिश.

८ फेब्रुवारी, दुपार
कडी लावली. लेक येऊन बराच वेळ बघत राहिली. विचारलं, बाबा, पेशीला कडी? समजावलं, खोली म्हटली की कडी आलीच. तिचे डोळे भरून आले. अभिमान, दुसरं काय! जाताना हिच्याकडून प्लास्टिकची पिशवी, जेलीचं पाकीट आणि एक जर्दाळू घेऊन गेली. भूक लागली असावी.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
लॅबचं दार चुकीच्या मापाचं निघालं. पेशी फाटकाशीच ठेवावी लागली. आत लॅबमध्ये लेकीने जेली भरलेली पिशवी टांगली होती, मध्ये जर्दाळू. प्रिन्सिपॉलबाई तिथेच खिळल्या. नोकरी कायम! अर्थात, वातावरण फाटकापासूनच तयार झालं होतं.

१५ फेब्रुवारी
टेम्पो घेऊन पेशी आणायला गेलो. आत वॉचमन खुर्ची टाकून बसलेला, शर्ट न्यूक्लियसवर टांगलेला. म्हणाला, मिस्त्री, खोली झकास, पण जीव गुदमरतो, एक खिडकी काढून द्या. ठणकावून सांगितलं, ही पेशी आहे, मूळ अर्थात खिडकी बसत नाही. त्याने नुसता घाम पुसला.
डावी भिंत. दीड बाय दोन, सरकती काच. उद्या सकाळी बसवायची.